सव्वानऊचा फोन

इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या हॅल्सबीत कुणाच्या घरात रेडिओचं कोणतं स्टेशन लागतं यावरून माणसाची पारख व्हायची. डॉक्टरांकडे बीबीसीचं तीन नंबरचं, सदानकदा व्हायोलिन कुरकुरणारं. शाळेच्या मोठ्या बाईंकडे चार नंबर. तिथे पार्लमेंट, नाटकं, शेतीच्या गप्पा आणि जहाजांसाठीचं हवामान, सगळं एकाच गंभीर आवाजात. गवंडी-सुतारांच्या गाड्यांमध्ये पाच नंबर, म्हणजे फुटबॉल, आणि फुटबॉल नसेल तेव्हा फुटबॉलवरची भांडणं. पन्नाशीतल्या बायकांचा जीव जुनी गाणी लावणाऱ्या दोन नंबरवर. परगण्याचं वेगळं स्टेशन होतं, पण त्यावर हॅल्सबीचं नाव यायचं ते रस्ता खचला तर, नाहीतर कुणी बुडालं तर. इस्पितळाचंसुद्धा एक होतं, दोन वॉर्डांपुरतं. तिथे गाणी लावणाऱ्या निवृत्त पोस्टमनला आपल्याला कुणी ऐकतं का, याची कधीच खात्री वाटली नाही.

पण सकाळी सहा ते दहा या सगळ्यांचे काटे एकाच जागी येऊन थांबत. हॅल्सबी कोस्ट रेडिओ. डॉक्टरांचासुद्धा, ते फक्त कबूल करत नसत. कारण त्या वेळी तिथे नेव्हिल ऑक्सटोबी बोलायचा.

सत्तावीस वर्षं तो बोलत होता. आवाज काही फार भारदस्त नव्हता, थोडा नाकातूनच यायचा. पण कुणाचं मांजर हरवलंय, कुठल्या शाळेचा बॉयलर बंद पडलाय, सातची बस कुठल्या वळणावर अडकलीय, हे त्याला ठाऊक असायचं, आणि तो ते अशा सुरात सांगायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, हा आपल्याच स्वयंपाकघरात टेकून उभा आहे. बायको केव्हाच सोडून गेलेली, मूलबाळ नाही. बोलण्याखेरीज दुसरं काही त्याला येत नव्हतं, आणि दुसरं काही यावं असं त्याला कधी वाटलंही नाही.

गालिच्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांमध्ये स्टेशन होतं. त्यातली जी बोलायची खोली, तिला खिडकी नव्हती. तिथूनच सगळं सुरू झालं. अकरा वर्षांपूर्वी एका सकाळी नेव्हिलने कागदावर बघून सांगितलं की हॅल्सबीत लख्ख ऊन पडलंय. पाचव्या मिनिटाला फोन वाजला. त्याने तो तसाच, सगळ्यांना ऐकू जाईल असा घेतला.

"नेव्हिल ऑक्सटोबी, कुठे पडलंय रे ऊन?"

"हवामानखात्याने कळवलंय, बाई."

"हवामानखातं गेलं खड्ड्यात. खिडकीतून बघ की जरा!"

"खिडकीच नाहीये इथे."

"अरे देवा! मग माझ्या खिडकीतून बघ. होड्यांचा धक्का दिसत नाही इतकं धुकं आहे. डोरा कॅपलमन बोलतेय, कड्यावरून."

गाव दिवसभर हसलं. दुसऱ्या दिवशी तिचा परत फोन. तिसऱ्याही दिवशी. डोरा मच्छीमाराची विधवा, तेव्हाच सत्त्याहत्तर वर्षांची. धक्क्यापासून वर चढणाऱ्या नव्वद पायऱ्यांच्या टोकाला तिचं घर, आणि खिडकीतून अख्खी खाडी दिसायची. रोज नऊ दहाला तिचा फोन, आणि सव्वानऊला नेव्हिल सांगायचा, 'आपली डोरा म्हणते...' मग होड्यांपासून धुण्याच्या दोऱ्यांपर्यंत सगळ्या गावाचा दिवस तिच्या शब्दावर ठरायचा.

एका हिवाळ्यात तिचा फोन आला नाही. नेव्हिलने सव्वानऊपर्यंत वाट पाहिली आणि सरळ सांगून टाकलं, "आपल्या डोराचा फोन नाही. कड्यावर कुणी असाल तर जरा दार वाजवा." दहा मिनिटांत अकरा माणसं दारात. डोरा आंघोळ करत होती. टॉवेल गुंडाळून बाहेर आली आणि तिने सगळ्यांना अशा काही शिव्या दिल्या की पोस्टमन पायऱ्या उतरेपर्यंत मागे वळला नाही. पण त्या दिवसापासून रिवाजच पडला. सव्वानऊला डोराचं नाव आलं नाही की समोरची हेझल टिंडल किल्ली घेऊन जायची आणि दार उघडून बघायची. दोनदा ते खरोखरच कामी आलं. एकदा डोरा तापात बरळत होती, एकदा खुर्चीवरून पडून मनगट मोडून बसली होती.

मग स्टेशन विकलं गेलं.

लंडनमध्ये बसलेल्या शहाण्यांनी नियम सैल केले. गावाचा रेडिओ गावातूनच बोलला पाहिजे, असं आता काही राहिलं नाही. एका कंपनीने किनाऱ्यावरची चार स्टेशनं घेतली, चारही बंद केली, आणि त्यांची एकच मोट बांधून ती शंभर किलोमीटर दूर लीड्समधून सोडायला सुरुवात केली. चौदा माणसं घरी गेली. नेव्हिलला तेवढं ठेवलं, कारण लोकांना त्याचा आवाज ओळखीचा होता. आता तो दर गुरुवारी लीड्सला जायचा आणि पुढच्या सोमवार ते शुक्रवारचं सगळं बोलणं एका बैठकीत ध्वनिमुद्रित करून यायचा. एकच विनोद चार वेळा, दर वेळी गावाचं नाव तेवढं बदलून. 'काय मंडळी, उठलात का?' हे तो चार दिवस आधी, भर दुपारी, सँडविच खात विचारायचा. ऐकताना मात्र सगळं ताजं वाटलं पाहिजे, आणि हे आधीच ध्वनिमुद्रित केलेलं असतं हे बाहेर कुणालाही सांगायचं नाही, असं त्याच्याकडून लिहून घेतलं होतं.

तिथली मुख्य होती जेमा, तिशीची, चलाख, मनाने वाईट नाही. "ती खिडकीवाली आजी ठेवा हं," ती पहिल्याच दिवशी म्हणाली. "लोकांना फार आवडते."

"ती रोज फोन करते, जेमा. तो फोनच तुम्ही बंद केलाय."

"मग तुम्हीच सांगा ना, फोन आला म्हणून. डोरा म्हणते, समुद्र जरा खवळलाय. समुद्र काय, रोज जरा खवळलेलाच असतो!"

नेव्हिल नव्वद पायऱ्या चढून डोराकडे गेला. चहा झाला, डब्यातली आल्याची बिस्किटं झाली, आणि मग त्याने मान खाली घालून सगळं सांगितलं.

"म्हणजे सोमवारी सकाळी तू बोलतोयस असं मला वाटेल, आणि तू बोललेला असशील गेल्या गुरुवारी?"

"हो."

"आणि मी फोन केला म्हणणार. मी केलेला नसताना."

"तुम्ही नाही म्हणा, डोरा. नाही करणार मी. सोडून देतो ही नोकरी."

"सोडून काय करशील, बाळा? मासे विकशील? तुला हेरिंग आणि मॅकरेलमधला फरक कळत नाही." तिने त्याच्या कपात आणखी चहा ओतला. "खोटं बोलायचंच असेल तर हवामान तरी खरं सांग. माझ्या नावावर भलतं ऊन पाडू नकोस. दर बुधवारी चार वाजता मी तुझ्या घरी फोन करीन आणि पुढच्या आठवड्याचं सांगून ठेवीन. चाळीस वर्षं माझ्या माणसाची होडी पाण्यात घालायची की नाही, ते मीच ठरवत होते."

"आणि हे कुणाला—"

"मी कशाला सांगतेय! आणि तू हेझलजवळ चुकूनही बोलू नकोस. तिच्या कानात पडलं की किनाऱ्यावर कुणाला रेडिओची गरजच उरत नाही."

दोघंही हसले. त्याच्या डोक्यावरचं ओझं उतरलं, आणि उतरताना त्याला तिच्याबद्दल इतकी माया वाटली की तिसऱ्या-चौथ्या पायरीवर थांबून त्याने डोळे पुसले. धक्क्यावर पोचता पोचता मात्र त्याच्या मनात आलं, आता एखाद्या दिवशी डोरा पडली तर हेझलला कळणार कसं? फोन तर रोजच 'येणार' होता. हेझलला सांगायला हवं. पण हेझलला सांगणं म्हणजे गावाला सांगणं, आणि गावाला कळलं की लीड्सला कळणार. काहीतरी युक्ती काढू, असं म्हणून तो गाडीत बसला. सप्टेंबर गेला, ख्रिसमस गेला. डोराचे अंदाज पाचातले चार बरोबर निघत होते, गाव पूर्वीसारखंच तिच्या शब्दावर धुणं वाळत घालत होतं, आणि युक्ती काढायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणजे त्यानेच ठेवलं. रोज आठवायचं आणि रोज तो ते कानामागे टाकायचा.

फेब्रुवारीतल्या एका बुधवारी चार वाजता नेव्हिलच्या घरी फोन आला नाही.

साडेचारला त्याने केला. नुसता वाजत राहिला. पावणेपाचला परत. पाच वाजता त्याने हेझलला फोन लावला.

"हेझल, जरा डोराकडे डोकावतेस?"

"का रे? सकाळीच तर बोललास ना तिच्याशी?"

"सहज. जा ना, प्लीज."

"काय बाई तुझं! बरं, जाते."

तो तसाच गाडी काढून निघाला. त्याच्या गावापासून हॅल्सबी वीस मिनिटांवर. पायऱ्या चढून वर पोचला तेव्हा दारात पोलीसशिपाई उभा होता आणि हेझल आपल्या पायरीवर बसून दोन्ही हातांनी तोंड झाकून रडत होती. डोरा स्वयंपाकघरात जमिनीवर सापडली होती. खुब्याचं हाड मोडलेलं. रात्रीच्या कपड्यांवर स्वेटर. फळीवर रेडिओ सुरू.

शिपाई ओळखीचा, टोपी काढून हळू आवाजात बोलला. "नेव्हिल, तिचा शेवटचा फोन आज सकाळी तुलाच होता ना? नऊ दहाला? माझ्या बायकोने ऐकलं."

"हो," नेव्हिल म्हणाला.

एवढंच. विचार न करताच म्हणाला. तोंडातून निघून गेलं, आणि निघून गेल्यावर ते परत घेण्याचं धैर्य त्याच्यात नव्हतं. आत डॉक्टर गुडघे टेकून बसले होते. त्यांनी आधी म्हटलं होतं की बाई मंगळवारी रात्री गेल्या असाव्यात, आणि पडल्या असतील त्याच्याही दीड दिवस आधी. पण शिपायाने फोनचं सांगितल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला. "हो, मीही ऐकलं खरं सकाळी," ते म्हणाले. "मग तसं नसेल. थंडीत अंदाज चुकतो कधीकधी."

गाडीत परत येऊन बसल्यावर नेव्हिलला नीट दिसायला लागलं. सोमवारी पहाटे डोरा उठली, अंधारातच रेडिओ लावला आणि पडली. मग सहा वाजता त्याचा आवाज सुरू झाला. काय मंडळी, उठलात का? सव्वानऊला तिने स्वतःचं नाव ऐकलं. आपल्या डोराचा आत्ताच फोन आला. सगळ्या गावात ती एकटीच होती जिला माहीत होतं की हे खोटं आहे, आणि आता कुणीही दार उघडायला येणार नाही. मंगळवारी सव्वानऊला तिने ते पुन्हा ऐकलं असेल. त्याने स्टिअरिंगवर कपाळ टेकलं आणि मोठ्याने रडला. आपल्या या आवाजाची त्याला इतकी किळस आली की तोंड दाबून धरून तो रडत राहिला.

घरी आल्यावर त्याने जेमाला कळवलं की उद्या येत नाही, डोरा गेली.

"अरेरे! नका येऊ तुम्ही," जेमा म्हणाली. "पुढच्या आठवड्यासाठी मी जुन्यातलं काहीतरी लावते. काळजी घ्या हं."

पुढच्या आठवड्याचं बोलणं झालं. या आठवड्याचं दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

गुरुवारी सकाळी हेझलचा निरोप आला. डोराची मुलगी रॉझलिंड रात्रीच कार्लाइलहून आली होती, हेझलकडे उतरली होती आणि तिला नेव्हिलला भेटायचं होतं. जाताना त्याने ठरवलं, सगळं सांगून टाकायचं. गाडी लावताना ठरवलं, पायऱ्या चढताना ठरवलं, दार वाजवतानाही तेच ठरवलेलं होतं.

रॉझलिंड साठीची, आईसारखीच रुंद हाडाची. ती उठली आणि तिने त्याला सरळ मिठी मारली. "आई तुझ्याबद्दल किती बोलायची! मी रविवारी फोन केला की आधी तुझं, मग माझ्या मुलांचं."

हेझलने चहा ठेवला, टोस्ट ठेवले. कुणी हात लावला नाही. फ्रिजवरचा रेडिओ बारीक आवाजात सुरू होता. हेझलच्या घरात तो बंद व्हायचा फक्त वीज गेल्यावर.

"मला एवढंच सांग," रॉझलिंडने टेबलावरचा त्याचा हात दोन्ही हातांत धरला. "डॉक्टर आधी काहीतरी भयंकर बोलले होते, दोन दिवस पडून होती म्हणून. रात्रभर माझा डोळा लागला नाही. मग शिपाई म्हणाला, काल सकाळी तुझ्याशी बोलली. म्हणजे फार वेळ नाही ना लागला? काल सकाळी कशी होती ती?"

नेव्हिलने तिच्याकडे पाहिलं. रडून रडून डोळे सुजलेले, आणि त्यांत एवढी एकच आशा. ठरवलेलं सगळं पायऱ्या उतरून कुठे गेलं कोण जाणे.

"चांगली होती," तो म्हणाला. "हसली. थंडीला नावं ठेवली."

"हसली?"

"हो. नेहमीसारखी."

"देवा, तुझे उपकार," रॉझलिंड म्हणाली आणि त्याच्या हातावर कपाळ टेकून रडू लागली. हेझलही पदराआडून रडावं तशी एप्रनमध्ये तोंड खुपसून रडत होती. आणि त्याच क्षणी नेव्हिलला फ्रिजवरचं गाणं संपताना ऐकू आलं. भिंतीवरचं घड्याळ नऊ चौदा दाखवत होतं. उठून रेडिओ बंद करायला फक्त चार पावलं होती, पण त्याचा हात तिच्या कपाळाखाली होता.

"सव्वानऊ वाजलेत, मंडळी!" फ्रिजवरून नेव्हिल ऑक्सटोबी खुशीत म्हणाला. "आपल्या डोराचा आत्ताच फोन येऊन गेला. म्हणते, वारा पडलाय, खाडी चकचकीत आहे, आज धुणं बाहेर घाला बिनधास्त. आभार, डोरा! आता मस्त चहा घ्या."

गाणं सुरू झालं. रॉझलिंडने डोकं वर उचललं. खिडकीबाहेर पाऊस पडत होता.

"हे काय आहे?" तिने विचारलं.

"रेकॉर्डिंग. गेल्या गुरुवारचं."

"आणि कालचं?"

"तेही."

"सोमवारचं?"

"सगळंच. सप्टेंबरपासून. डोराला माहीत होतं. माझ्यासाठी तिने कुणाला सांगितलं नाही."

"मग ती तुझ्याशी खरं बोलली कधी?"

"मागच्या बुधवारी, चार वाजता."

रॉझलिंडने त्याचा हात सोडला. ओरडली नाही, शिवी दिली नाही. तिने ते केलं असतं तर नेव्हिलला श्वास घेता आला असता. "काल हसली म्हणालास," ती एवढंच म्हणाली. मग हेझलकडे वळून: "आईचा रेडिओ सुरू होता ना, तू आत गेलीस तेव्हा?"

हेझलने होकारार्थी मान हलवली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. टेबलाची कड धरून ती हळूहळू खुर्चीत बसली. बोलायला लागली तेव्हा तिचा एरवीचा तोंडाचा पट्टा कुठल्या कुठे गेला होता.

"सोमवारी मी बहिणीकडे होते," ती म्हणाली. "पण मंगळवारी नऊ वाजून गेले तरी तिचे पडदे उघडले नव्हते. मला बरं वाटेना. मी कोट घातला. किल्ली घेतली. दाराच्या कडीवर हात होता माझा. आणि हा म्हणाला, डोराचा आत्ताच फोन आला. धक्क्यावर समुद्रपक्षी रांगेत बसलेत म्हणाली, चर्चला आल्यासारखे."

"हेझल," नेव्हिल म्हणाला.

तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. ती रॉझलिंडकडे बघत होती.

"मी हसले. म्हटलं, म्हातारी फोन करून परत झोपलीय. कोट काढला आणि अंडं उकडायला ठेवलं." तिने समोरची टोस्टची ताटली दूर सारली. "मी बसून अंडं खाल्लं, रॉझलिंड."